झोपलेल्या यंत्राचं दार कोणी ठोठावलं?

लॅपटॉपचं झाकण मिटलं की यंत्र झोपतं, उघडलं की जागं होतं. बाहेरून आपल्याला एवढंच दिसतं. या दोन क्षणांच्या मध्ये काय काय चालतं आणि तिथे काय काय बिघडू शकतं, हा आजचा विषय. त्यासाठी आम्ही एकच दुरुस्ती समोर ठेवणार आहोत. लिनक्स कर्नलमध्ये २०१४ साली झालेली, ३.१८ या आवृत्तीत आलेली. ती मुख्यतः दोघांच्या हातची: इंटरप्टच्या व्यवस्थेची देखभाल करणारे थॉमस ग्लाइक्सनर आणि झोप-जागेची व्यवस्था पाहणारे राफाएल विसोत्स्की.

आता कोणी विचारेल, दुरुस्तीची कसली समीक्षा? ती चालते किंवा चालत नाही, विषय संपला. आम्हाला तसं वाटत नाही. झोपलेल्या यंत्राच्या बाबतीत चूक दोन प्रकारे होते. खरोखर कोणी दार ठोठावलं आणि यंत्र उठलंच नाही, ही एक. वाऱ्याने दार वाजलं आणि यंत्र उठून बसलं, ही दुसरी. दोन्ही चुका एकदम शून्यावर आणणं फार कठीण आहे. त्यामुळे अशी प्रत्येक दुरुस्ती, लिहिणाऱ्याने तोंडाने म्हटलं नाही तरी, एक बाजू घेते. २०१४ च्या दुरुस्तीने पहिल्या चुकीविरुद्ध बाजू घेतली. ती योग्य होती असंच आमचं मत आहे, पण तिची किंमत कोणी आणि कधी चुकवली हेही बघायला हवं.

इंटरप्ट म्हणजे काय, हे नेहमीच्या श्रोत्यांना सांगायला नको. नव्यांसाठी दोन वाक्यं. कीबोर्ड, नेटवर्क कार्ड, घड्याळ अशा उपकरणांना काही सांगायचं असलं की ती एका लाईनवरून प्रोसेसरला खूण करतात. प्रोसेसर हातातलं काम थांबवतो, त्या उपकरणाच्या ड्रायव्हरने दिलेला हँडलर चालवतो आणि मग आपल्या कामाला परत जातो. झालं.

यंत्र झोपवताना कर्नल आधी प्रोग्राम गोठवतो, मग एकेका उपकरणाला निजवतो. गोची इथे आहे. समजा नेटवर्क कार्ड निजलं आणि त्याच लाईनवर बसलेलं दुसरं एखादं उपकरण अजून जागं आहे. त्याने खूण केली की लाईन सामाईक असल्यामुळे दोघांचेही हँडलर चालतात. नेटवर्क कार्डाचा हँडलर आपल्या कार्डाची रजिस्टरं वाचायला जातो आणि कार्ड तर झोपलेलं! मग कधी कचरा वाचला जातो, कधी यंत्रच अडकतं. दुसरी बाजूही आहे. खूण येत राहिली आणि ती आपली असं कोणत्याच हँडलरने मान्य केलं नाही, तर कर्नल हिशेब ठेवतो: एक लाखापैकी ९९,९०० वेळा कोणीच दखल घेतली नाही, तर ती लाईन तो सरळ बंद करून टाकतो. ‘नोबडी केअर्ड’ हा लॉगमधला संदेश ज्यांनी पाहिला असेल त्यांना ठाऊक आहे, त्यानंतर त्या लाईनवरची सगळीच उपकरणं अडचणीत येतात.

म्हणून २००९ मध्ये, २.६.३० या आवृत्तीत, विसोत्स्कींनी एक पायरी घातली. उपकरणं निजवण्याच्या शेवटच्या टप्प्याआधी सगळ्या उपकरणांचे इंटरप्ट बंद करायचे. प्रोसेसरचे कान झाकायचे नाहीत, एकेका लाईनवर पाटी लावायची: आत्ता नाही. यातली बंद करण्याची रीत मुद्दाम ढिली ठेवलेली आहे. लाईन ताबडतोब हार्डवेअरमध्ये तोडत नाहीत, फक्त नोंद करून ठेवतात. मग कोणी खूण केलीच, तर कर्नल त्या वेळी लाईन तोडतो, ‘बाकी आहे’ अशी नोंद करतो, आणि लाईन परत सुरू झाली की ती खूण पुन्हा घडवून आणतो. खूण हरवत नाही, फक्त लांबते. हा आळशीपणा आम्हाला फार आवडतो, कारण काही खुणा क्षणिक असतात. लाईन खरोखर तोडलेली असताना त्या येऊन गेल्या तर परत येत नाहीत.

पण सगळेच इंटरप्ट बंद करून कसं चालेल? टायमर हवाच. म्हणून टायमरचा फ्लॅग ज्यावर आहे तो इंटरप्ट वगळला. पुढे लक्षात आलं की काही जण फक्त या सवलतीसाठी टायमरचा फ्लॅग लावतात, प्रत्यक्षात त्यांचा इंटरप्ट टायमरचा नसतोच. झेन या व्हर्च्युअलायझेशनच्या कोडमध्ये असं होत होतं. मग २०१० मध्ये सवलत वेगळी काढून तिला स्वतःचं नाव दिलं: नो-सस्पेंड.

या नावापाशी आम्हाला जरा थांबायचं आहे, कारण आमच्या मते पुढच्या निम्म्या गोंधळाचं मूळ या नावात आहे. नो-सस्पेंड हे नाव काय करायचं ते सांगतं, कशासाठी ते सांगत नाही. झोपेच्या वाटेवर असताना ही लाईन बंद करू नका, इतकंच. ही लाईन यंत्राला जागं करू शकेल असं ते कुठेही म्हणत नाही. जागं करण्यासाठी वेगळी हाक आहे: एनेबल आयआरक्यू वेक. ती इंटरप्ट कंट्रोलरला सांगते की बाकी सगळं मिटलं तरी या लाईनकडे लक्ष असू दे. दोन गोष्टी, दोन कामं. पण पॉवर बटणाचा ड्रायव्हर लिहायला बसलेल्या माणसाच्या जागी स्वतःला ठेवून बघा. त्याला हवं असतं ते इतकंच, की झोपेत बटण दाबलं तर कळलं पाहिजे. समोर नो-सस्पेंड असं नाव दिसतं. तो लावतो. त्याच्या हातातल्या बोर्डावर चालतंही! कोण म्हणेल की चुकलं? नाव वाचून जो अर्थ कोणीही काढेल तोच त्याने काढला. वापरणाऱ्याला दोष देण्याआधी नाव ठेवणाऱ्याला प्रश्न विचारावा, अशी आमची सवय आहे, आणि इथे ती सोडायचं काही कारण दिसत नाही.

आता मूळ बिघाडाकडे येऊ.

जुनी पद्धत अशी होती. जागं करणाऱ्या लाईनीही बाकीच्यांसारख्याच ढिल्या बंद करायच्या. झोपेच्या अगदी उंबरठ्यावर, शेवटची पायरी उतरण्याआधी, कर्नल एक फेरी मारायचा: जागं करणाऱ्यांपैकी कोणाच्या नावावर ‘बाकी आहे’ अशी नोंद आहे का? असेल तर झोप रद्द. नसेल तर गुडुप. राखणदाराकडे वही दिलेली आहे, कोणी आलं की तो वहीत लिहितो, आणि मालक दिवा मालवण्याआधी एकदा वही बघतो. पूर्ण झोपेत, म्हणजे प्रोसेसरची वीजही जाते त्या झोपेत, हे बऱ्यापैकी चालायचं. एकदा दिवा मालवला की पुढचं काम हार्डवेअरचं. लाईनवर खूण आली की तेच यंत्राला उठवतं.

२०१३ मध्ये ३.९ या आवृत्तीत झोपेचा एक नवा प्रकार आला. तेव्हा त्याला ‘फ्रीझ’ म्हणत, आज सस्पेंड-टू-आयडल म्हणतात. यात प्रोसेसरची वीज जात नाही. उपकरणं निजतात, प्रोग्राम गोठतात आणि प्रोसेसर शक्य तितक्या खोल विश्रांतीत जाऊन बसतो. हार्डवेअरला झोपेची खास सोय नसली तरी हे जमतं, आणि उठायला वेळ फार कमी लागतो. पुढे लॅपटॉपच्या जगात हाच प्रकार इतका पसरला की आज बाजारातली कित्येक यंत्रं दुसरी झोप देतच नाहीत.

आणि इथे वहीची पद्धत मोडली. प्रोसेसर विश्रांतीत आहे. झाकणाने खूण केली. प्रोसेसर क्षणभर उठला, बघितलं तर लाईनवर पाटी: आत्ता नाही. त्याने नियमाप्रमाणे वहीत नोंद केली, लाईन तोडली आणि परत विश्रांतीला गेला. वही उघडून बघणारा मालक तर आधीच झोपलेला! उंबरठ्यावरची फेरी या झोपेत नव्हतीच, आणि असती तरी ती विश्रांतीच्या आधी मारलेली. नंतरच्या नोंदी कोण वाचणार? हार्डवेअरने काम चोख केलं, राखणदाराने काम चोख केलं, आणि झाकण उघडून बसलेल्या माणसासमोर काळा पडदा. यात कोणाही एकाचा कोड चुकीचा नाही, म्हणूनच हा बिघाड शिकण्यासारखा आहे. नोंद करणारा आणि वाचणारा यांच्यात जी वेळ गृहीत धरली होती ती नव्या झोपेने काढून घेतली. मग ड्रायव्हर लिहिणाऱ्यांनी काय केलं असेल? नो-सस्पेंड लावला. लाईन बंदच नाही झाली की हँडलर चालतो आणि तो यंत्राला उठवतो. बिघाड वरवर मिटला, आणि झोपलेल्या उपकरणाचा हँडलर चालू नये म्हणून २००९ मध्ये जी भिंत बांधली होती तिला जागोजागी भोकं पडली.

ग्लाइक्सनर यांच्या पॅचने वहीच काढून टाकली. जागं करणाऱ्या लाईनी आता बंद होत नाहीत, सुरूच राहतात. फक्त त्यांच्यावर ‘सज्ज’ अशी खूण लावलेली असते. अशा लाईनवर इंटरप्ट आला की नेहमीचा हँडलर चालत नाही. कर्नल त्याच क्षणी तीन गोष्टी करतो: सज्जची खूण काढतो, लाईन बंद करून इंटरप्ट ‘बाकी’ म्हणून लिहून ठेवतो, आणि झोपेच्या व्यवस्थेला सांगतो की कोणी तरी आलंय, उठा. यंत्र परत उठताना ती लाईन पुन्हा सुरू झाली, की बाकी ठेवलेला इंटरप्ट परत घडवला जातो आणि मग हँडलर चालतो. म्हणजे बघा, नोंद आणि हाक एकाच श्वासात. मधली वेळच उरली नाही. आणि झोपलेल्या उपकरणाला हात लागला नाही, भिंत शाबूत.

पॅच वाचताना दोन जागा आम्हाला विशेष वाटल्या. पहिली काटकसरीची. इंटरप्टची वाट ही कर्नलमधली सर्वांत वर्दळीची वाट. तिथे एक जादा तपासणी म्हणजे सेकंदाला हजारो वेळा जादा काम, तेही ज्या यंत्राला कधी झोपायचंच नाही अशा सर्व्हरवरसुद्धा. तिथे आधीपासून एक तपासणी होती: हा इंटरप्ट आत्ता दुसरीकडे हाताळला जातोय का? नवी ‘सज्ज’ची खूण त्याच तपासणीत एक बिट म्हणून मिसळली. प्रश्न एकच, उत्तर होकारार्थी आलं तरच पुढची चौकशी. ग्लाइक्सनर यांनी बदलाच्या टिपणात हे आवर्जून नोंदवलंय, आणि त्यांचा अभिमान रास्त आहे.

दुसरी जागा सहज नजरेतून निसटते. लाईनला सज्जची खूण लावणारं फंक्शन परत येताना सांगतं की ‘थांबून घ्या’, म्हणजे त्या लाईनचा कुठलाही हँडलर कुठल्याही प्रोसेसरवर चालू असेल तर तो संपेपर्यंत वाट बघा. वरवर पाहता याची गरज काय? लाईन तर बंद केलेली नाही! पण यंत्रात प्रोसेसर अनेक असतात. इकडे आपण खूण लावत असताना तिकडे दुसऱ्या प्रोसेसरवर तोच हँडलर अर्ध्यात असू शकतो. त्याची वाट पाहिली नाही, तर पुढचा टप्पा सुरू होऊन उपकरण निजेल आणि तो अर्धा हँडलर त्याच्या रजिस्टरांत हात घालेल. शिवाय वाट पाहून झाल्यावरच खात्री देता येते की सज्जची खूण सगळ्यांना दिसली आहे. कोडमध्ये याबद्दल छोटी टीप आहे. ती नसती तर चार वर्षांनी एखादा उत्साही माणूस ‘अनावश्यक’ म्हणून ही ओळ काढून मोकळा झाला असता, आणि मग महिन्यातून एकदा होणारा, कोणालाच पुन्हा घडवून दाखवता न येणारा बिघाड मागे लागला असता. टिपा कशाला लिहायच्या असं विचारणाऱ्यांना आम्ही हे उदाहरण देतो.

पॅचसोबत विसोत्स्कींनी एक दस्तऐवजही लिहिला, झोप आणि इंटरप्ट यांच्या संबंधावर. नो-सस्पेंड कशासाठी, जाग कशासाठी, आणि एकाच लाईनवर दोन्ही वापरणं सहसा का निरर्थक आहे, हे त्यात स्वच्छ सांगितलंय. आमचं एकच म्हणणं, ते चार वर्षं आधी, फ्लॅगच्या जन्मासोबत यायला हवं होतं. २०१५ मध्ये एकामागून एक ड्रायव्हरमध्ये पॅच आले, ज्यांच्या शीर्षकातच नो-सस्पेंडचा ‘गैरवापर’ असा शब्द होता. गैरवापर हा शब्द आम्हाला कठोर वाटतो. बाकी, सफाई झाली हे चांगलंच झालं.

आता किंमत.

पहिलं बिल आलं सामाईक लाईनींचं. अॅटमेल कंपनीच्या एटी९१ चिपमध्ये सिस्टिम टायमर, घड्याळ आणि डीबगचं सीरियल पोर्ट अशी मंडळी एकाच लाईनवर राहतात. टायमरला नो-सस्पेंड हवा, घड्याळाला यंत्र जागं करायचंय, म्हणजे दस्तऐवज जे निरर्थक म्हणतो नेमकं तेच इथे अटळ. नव्या नियमांनुसार एका लाईनवरच्या सगळ्यांचं नो-सस्पेंडबाबत एकमत नसेल तर कर्नल मोठा इशारा छापतो. या बोर्डांवर तो छापला जाऊ लागला. पाच माणसांच्या घरात एकाला रात्रपाळी आणि दुसऱ्याला पहाटेची गाडी, पण दिव्याचं बटण एकच, तशी अवस्था. २०१५ मध्ये ४.० या आवृत्तीत तिसरा फ्लॅग आला: कंडिशनल सस्पेंड. त्याचा करार असा, की माझा शेजारी नो-सस्पेंड असेल तर माझाही हँडलर चालू द्या. माझं उपकरण झोपलंय की नाही ते मी स्वतः बघेन, आलेली खूण खरी की फुकट ते मी ओळखेन, आणि खरी असेल तर यंत्राला उठवण्याची हाक मीच देईन.

वाचा पुन्हा हा करार. २०१४ च्या दुरुस्तीचं सगळं मोल यात होतं की ड्रायव्हर लिहिणाऱ्याच्या डोक्यावरचं ओझं तिने कर्नलच्या गाभ्यात नेलं. या फ्लॅगने ते, एका कोपऱ्यापुरतं का होईना, परत ड्रायव्हरच्या डोक्यावर ठेवलं. दुसरा मार्ग होता का? ही लाईन कर्नलमध्ये कृत्रिमरीत्या फोडून प्रत्येकाला आभासी लाईन देण्याचा विचार पुढे आला होता, पण तो टिकला नाही. चिप ज्यांनी बनवली त्यांनी तारा वाचवल्या, आणि त्या तारांचा हिशेब सॉफ्टवेअरला द्यावा लागला. या फ्लॅगला आम्ही चूक म्हणणार नाही. माघार म्हणू, उघडपणे लिहून घेतलेली.

दुसरं बिल मोठं होतं, आणि ते सुरुवातीला म्हटलं त्या बाजू घेण्याचं. नव्या पद्धतीत सज्ज लाईनवर काहीही आलं की यंत्र उठतं. हँडलर चाललेलाच नसतो, मग आलेली खूण महत्त्वाची की किरकोळ हे ठरवणार कोण? इंटेलच्या लॅपटॉपांत झाकण, पॉवर बटण, बॅटरी, चार्जर, तापमान अशा अनेकांच्या बातम्या एसीपीआयच्या एकाच इंटरप्टवरून येतात. झाकण उघडलं म्हणून उठायचं हे बरोबर. पण बॅटरीचा आकडा बदलला म्हणूनही उठायचं? बॅगेत ठेवलेला लॅपटॉप तासाभराने बाहेर काढावा आणि तो गरम लागावा, हा अनुभव तुमच्यापैकी अनेकांनी घेतला असेल. त्याची कारणं अनेक असतात, त्यातलं हे एक. २०१७ मध्ये विसोत्स्कींनी यावर उपाय आणला: सस्पेंड-टू-आयडलमध्ये ही लाईन वाजली तर पुरतं उठायचं नाही, अर्धवट उठून बातमी काय आहे ते बघायचं, किरकोळ असेल तर परत निजायचं. पहिला प्रयत्न मागे घ्यावा लागला, दुसरा त्याच वर्षी ४.१३ मध्ये टिकला.

गंमत अशी, की हा फरक विसोत्स्कींनीच आधी ओळखला होता. इंटरप्ट येणं वेगळं आणि उठण्याजोगी घटना घडणं वेगळं. अँड्रॉइडच्या वेकलॉकवरून वाद पेटला होता त्या काळात, २०१० मध्ये, त्यांनी वेकअप काउंट नावाची सोय आणली. झोपवणारा प्रोग्राम आधी घटनांची संख्या वाचतो, मग तीच संख्या परत लिहितो. मधल्या वेळात ती बदलली असेल तर लिहिणं फसतं आणि झोप होत नाही. तिथे मोजल्या जातात त्या घटना, ड्रायव्हरने ‘ही खरी’ म्हणून सांगितलेल्या. २०१४ मध्ये त्याच व्यवस्थेला इंटरप्टच्या गाभ्यातून एक नवी हाक जोडली गेली, जिला खऱ्या-खोट्याशी देणंघेणं नाही. ती सरळ झोप मोडते. नाइलाज होता, हे मान्य. उपकरण झोपलेलं असताना त्याला विचारायचं तरी कसं? न उठण्यापेक्षा उगाच उठणं बरं, कारण उगाच उठलेलं यंत्र परत निजवता येतं, आणि न उठलेल्या यंत्रासमोर बसलेला माणूस शेवटी पॉवर बटण दाबून धरतो आणि न साठवलेलं काम घालवतो. पण मग ‘परत निजवणं’ हा दुरुस्तीचाच दुसरा अर्धा भाग होता, आणि तो यायला तीन वर्षं लागली. त्या तीन वर्षांचं बिल बॅटरीने भरलं.

तुमच्याकडे लिनक्स असेल तर घरी जाऊन एक गोष्ट करून बघा. सिस डिरेक्टरीतल्या पॉवर फोल्डरमध्ये पीएम वेकअप आयआरक्यू नावाची फाईल मिळते का बघा. यंत्र झोपवून उठवल्यावर ती वाचली तर कुठल्या इंटरप्टने उठवलं त्याचा आकडा मिळतो. प्रॉकमधल्या इंटरप्ट्सच्या यादीत तो शोधला की लाईनवर कोण कोण बसलंय ते दिसतं. एकच नाव असेल तर प्रश्न मिटला. तीन असतील, तर त्या तिघांपैकी दार कोणी ठोठावलं ते ती फाईल सांगू शकत नाही.